साथीदाराचा एक जीव घ्यायचा का?

२ मार्च, रविवार. सकाळी १०

आजपासून रोजनिशी. हातात दोन कामं आहेत. एक, धाकट्याने पाठवलेला व्हिडिओ गेम पुरा करणे. दोन, हॉस्पिटलात जाऊन एक साधी टेस्ट देणे. दुसरं काम अर्ध्या दिवसाचं आहे, म्हणून आधी पहिलं उरकतो.

काल भावजय येऊन गेली. धाकट्याच्या दोन्ही किडन्या थकल्यात हे माहीत होतंच, आठवड्यातून तीनदा त्याला मशीनला जोडतात. आता डॉक्टर म्हणतात की सख्ख्या भावाची जुळली तर सोन्याहून पिवळं. तिने हे उभ्या उभ्या, पर्सच्या चेनशी चाळा करत सांगितलं. मी एका वाक्यात विषय संपवला. म्हटलं, अगं विचारतेस काय, माझी घ्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हिच्याही आलं. मला स्वतःलाही फार बरं वाटलं.

जाताना तिने गेमचं खोकं दिलं. धाकट्याचा निरोप असा की सुया टोचून टोचून हाताला आता रिमोट धरवत नाही, तर दादाने खेळावा.

दुपारी ३

गेम नवा आहे, पण मुद्दाम जुन्यासारखा केलाय. चौकोनी ठिपक्यांची माणसं, टुंग टुंग म्युझिक. डावीकडून उजवीकडे पळायचं, खड्डे, काटे, सरकत्या फळ्या. आम्ही दोघं लहानपणी असलेच खेळायचो. आता म्हणे मोठी माणसं असले गेम पुन्हा बनवतात आणि मोठी माणसंच ते घेतात. मला पटतं. यात भानगड नाही. पडलास तर तू पडलास, चूक तुझी, ऊठ आणि पुन्हा मार उडी.

माझ्यासाठी किरकोळ आहे. सव्वीस वर्षं लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये काढली. सरकत्या फळीवर उभं राहण्याचा मला पगार मिळतो.

सुरुवातीला विचारतात, नवा नियम की जुना? नव्यात कितीही वेळा मरा. जुन्यात तीनच जीव. जुना घेतला. आपण काही लेचेपेचे नाही.

४ मार्च. संध्याकाळी

पहिली लेव्हल. एकोणीस वेळा मेलो. सोफा नीट नाही.

धाकट्याने गेम दोघांचा म्हणून सुरू करून ठेवलाय. लाल टोपीवाला मी, निळी टोपी त्याची. मी एकटा खेळतो तेव्हा निळा जागच्या जागी उभा. मी पुढे गेलो की तो एका बुडबुड्यात जातो आणि माझ्या मागे तरंगत येतो. हात लावला की बाहेर येऊन पुन्हा उभा राहतो. बोलत नाही, काही नाही.

गेम लावला की दर वेळी प्रश्न येतो: दुसरा खेळाडू हलत नाही, काढून टाकायचा का? मी नाही दाबतो. कारण निव्वळ टेक्निकल आहे. त्याला काढलं तर त्याचे तीन जीवही जातात, आणि माझे संपले की गेम विचारतो, साथीदाराचा एक जीव घ्यायचा का? मी हो दाबतो.

९ मार्च, रविवार

दुसरी लेव्हल पार! निळ्याचे तिन्ही जीव वापरून.

लहानपणीही हेच. माझे संपले की मी नुसता त्याच्याकडे बघायचो. घे दादा, म्हणायचा. मग रिमोट खाली ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन माझा खेळ बघत बसायचा. उसना घेतलेला जीव परत करायची सोय त्या गेममध्ये नव्हती. बनवणाऱ्यांची चूक.

हॉस्पिटलातल्या बाईंचा फोन आला होता. बुधवारी उपाशीपोटी या म्हणाल्या. जाणार.

१२ मार्च, बुधवार

चहा प्यायला गेला चुकून. दोन कप. आता उपाशीपोटी कसं म्हणायचं? बाईंना तसं कळवलं. प्रामाणिकपणा महत्त्वाचा.

१६ मार्च, रविवार

धाकट्याशी फोनवर अर्धा तास. आवाज बारीक झालाय. त्याने एक युक्ती सांगितली. फळीच्या काठावरून पाय सुटला तरी एक क्षण उडी मारता येते, लगेच पडत नाही. बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलंय म्हणाला, त्यांनाही दया असते. मी म्हटलं, माझ्या वाट्याला नाही आली ती. फार हसला. हसताना खोकला.

टेस्टचं त्याने काढलं नाही. मीही नाही. आम्ही समंजस माणसं.

२० मार्च. दुपारी १.४०, कामावर

बारा मजली बिल्डिंग. मी लिफ्टच्या टपावर उभा, तपासणी चालू. लिफ्ट वर जाते तेव्हा तिच्या तोलाचं वजन शेजारून खाली येतं, मध्यावर खांद्याजवळून जातं. सव्वीस वर्षं बघतोय. आज ते खाली जाताना त्यावर निळी टोपी दिसली. लिफ्ट थांबवली. माझ्या जोडीचा पाना (हा कधी पाना जागेवर ठेवत नाही म्हणून हे नाव) म्हणाला, अहो ग्रीसचा डबा राहिलाय तिथे. डबा खरंच निळा होता. झाकणही.

तरी खाली उतरून बाटलीभर पाणी प्यायलो. हल्ली तहान फार लागते. बाहेर रस्त्याच्या खोदकामाची धूळ.

२९ मार्च

बुधवारी जाणार होतो, वार्षिक तपासणी निघाली. त्याच्या आधीच्या बुधवारी शिंका येत होत्या. हॉस्पिटलात शिंका घेऊन जाणं बेजबाबदारपणाचं.

४ एप्रिल

नवा नियम चालू केला. हार नव्हे, काळाबरोबर चालावं लागतं. आता जीव कधी संपत नाहीत, नुसता आकडा वाढतो. आज २१४.

म्हणजे निळ्याच्या जीवांची गरज उरली नाही. टेक्निकल कारण संपलं. गेमने विचारलं, काढून टाकायचा का? बोट हो वर गेलं होतं. नाही दाबलं. उगाच कशाला.

१३ एप्रिल, रविवार

ही म्हणते डोळे तपासून घ्या. मी म्हटलं, चित्रच चौकोनी आहे, त्याला डोळे काय करणार? ती म्हणाली, मग वर्तमानपत्रही चौकोनी झालंय का, लांब धरून वाचता ते? हिला वाद घालायची हौस.

पाचवी लेव्हल, बर्फाची. थांबलं तरी पाय घसरत राहतो. ऐन उडीच्या वेळी लघवीला उठावं लागतं म्हणून पडतो, नाहीतर कधीच पार झालो असतो.

२२ एप्रिल

बाईंचा पुन्हा फोन. म्हणाल्या, फाइल तुमच्या नावाने उघडली आहे, तुमचा रिपोर्ट आल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं बघता येत नाही. म्हणजे माझी जागा राखून ठेवली आहे. चांगले लोक आहेत.

ठरवलं: गेम पुरा करायचा आणि त्याच दिवशी टेस्ट. धाकट्याला दोन्ही बातम्या एकदम देता येतील.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ११

सहावी लेव्हल. मी फळीची वाट बघत थांबलो होतो आणि निळ्याने उडी मारली. आपण होऊन. एकदा. मग पुन्हा एकदा. मी ओरडलो. तोंडातून धाकट्याचं नाव गेलं.

मागे ही उभी, हातात दुसरा रिमोट. म्हणाली, बिचारा कधीचा उभाय, म्हटलं जरा पाय मोकळे करू द्यावेत.

मी चिडलो. असल्या गोष्टींत चेष्टा करू नये म्हटलं. तिने रिमोट ठेवला आणि विचारलं, कसल्या गोष्टींत? मी म्हटलं, गेमच्या. ती आत गेली.

८ मे

आकडा १,१०६.

लिफ्टमधल्या आरशात बघायचं टाळतो. आत मी एकटाच असतो, पण आरशात मागे कुणीतरी थांबलंय असं वाटतं. वळलो की पॅनेल. पानाला विचारलं, तुला कधी असं होतं का. तो म्हणाला, मला माणसं पुढ्यात असून दिसत नाहीत, मागची कुठून दिसणार.

पाच किलो वजन उतरलं. खेळाचा व्यायाम होतो हे लोकांना माहीत नाही.

१८ मे, रविवार

धाकट्याला ॲडमिट केलं. छातीत पाणी झालंय. भावजयीचा फोन आला तेव्हा आठवी लेव्हल चालू होती. शेवटची. मी म्हटलं, येतोच, दोन-तीन दिवसांत एक काम संपतंय. ती म्हणाली, बरं दादा, जेवलात का?

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

ही डबा घेऊन हॉस्पिटलात गेली. मी येतो म्हटलं होतं. बूटही घातले होते. मग बसलो.

२५ मे, रविवार. दुपारी १२

शेवटच्या दारापाशी पोचलो! १,४७२.

दार उघडत नाही. समोर दोन चौथरे, एक लाल, एक निळा. दोघांनी एकाच वेळी उभं राहायचं, तरच उघडतं. मध्ये काट्यांचा खड्डा.

हरकत नाही. लाल चौथऱ्यावर मी उभा राहतो आणि दुसऱ्या रिमोटने निळ्याला आणतो. इतके दिवस तो माझ्या मागे आला, आता मी त्याला नेतो.

दुपारी १.३०

निळा पडला.

दुपारी २

माझ्या हाताला त्याचा अंदाज नाही. रिमोट तोच, बटणं तीच. पण त्याच्या नावाचा आकडा इतके दिवस शून्य होता. एकदाही मेला नव्हता तो, नुसता मागे आला होता. आता ३३. तेहतीसही माझ्या हातून.

दुपारी ३.१५

५८. पडताना बारीकसा आवाज होतो, मग तो पुन्हा काठावर येऊन उभा राहतो. माझ्याकडे तोंड करून. कुणी तसं बनवलंय मला माहीत नाही. बाहेर लख्ख ऊन आहे, शेजारी रेडिओ चाललाय, ही कपडे वाळत घालतेय, आणि मी घामाने चिंब. त्याला पुढे नेववत नाही आणि तिथे उभा बघवत नाही.

प्रश्न आला: दुसरा खेळाडू वारंवार पडतो आहे, काढून टाकायचा का?

टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद केलं. तरी पडद्यावर काही वेळ तो दिसत राहिला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

१ जून, रविवार

उद्या जातोय. ठरलं म्हणजे ठरलं. गेला आठवडा तयारीत गेला: पानाला सगळ्या बिल्डिंगांच्या चाव्या समजावल्या, हिला कपाटातल्या कागदांची जागा दाखवली, दाढी केली. पोट उघडतात, चेष्टा नाही. पण भावासाठी माणूस काय करत नाही? हिला म्हटलं, रडू नकोस. ती रडत नव्हती. म्हणाली, आधी टेस्ट तर द्या.

चहा पिणार नाही. पातेलंच लपवलंय.

३ जून, मंगळवार. दुपारी

काल रक्त दिलं, आज डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. दहा मिनिटं लागली.

उपाशीपोटी साखर दोनशे ऐंशी. तुमची चालणार नाही, म्हणाल्या. मी म्हटलं मशीन बिघडलं असेल, मी बारा मजले चढतो. त्यांनी विचारलं, तहान लागते? सारखं लघवीला? अंधूक दिसतं? वजन उतरलं? कधीपासून? मी म्हटलं, मार्चपासून. त्यांनी फाइलवरची तारीख बघितली. मार्चचीच. म्हणाल्या, तेव्हा आला असता तर त्याच दिवशी कळलं असतं, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी तुमच्या भावाच्या मिसेसचं सुरू केलं असतं. आता सोमवारपासून तिच्या टेस्ट. सगळं जुळलं तर दोन महिने. तोवर त्याने काढले पाहिजेत, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला एक गोळ्यांची चिठ्ठी दिली.

वॉर्डात गेलो. तीन महिन्यांनी बघितला त्याला. चेहरा सुजलाय, हात काडीसारखे. भावजय उठून मला खुर्ची द्यायला लागली. मी उभाच राहिलो. सांगितलं, माझी चालत नाही, साखर निघाली. ती म्हणाली, असू दे दादा, माझी आहे ना. माझ्याकडे न बघता चादर नीट केली.

धाकटा हसला. म्हणाला, बरं झालं, निदान तुझं कळलं, आता गोळ्या वेळेवर घे. मग ती पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाला, हिला वाटत होतं की दादा घाबरले. मी तिला म्हटलं, छे, दादा कधी घाबरत नाही, त्याला काम असेल. खरं ना?

मी म्हटलं, खरं.

घाबरलो होतो.