कॅराव्हॅनचं उघडं दार

रामघाट, मंगळवार, संध्याकाळ

स्कॉटलंडहून लेकीचा, रेवाचा व्हिडिओ कॉल आला होता. सुट्टीत समुद्रकाठी कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहिलेत. बोलता बोलता मी विचारलं, "चिमी कुठंय गं?" माझी तीन वर्षांची नात. रेवानं मागं पाहिलं. दार उघडं होतं.

ती फोन तसाच टेबलावर सोडून धावली. मला दिसत होतं फक्त ते उघडं दार, पलीकडे सुनसान वाळू आणि पाणी. दार वाऱ्यानं आपटत होतं. मी इथून हाका मारत बसले. काय उपयोग? मी विचारलंच नसतं तर?

शेवटी रेवा आली. कडेवर कमरेपर्यंत भिजलेली चिमी.

"आई, रागाव ना मला," रेवा रडत म्हणाली.

मला रागावताच येईना. म्हटलं, "आधी तिचे कपडे बदल."