शेगडी बदलण्याविषयी

नाशिक, ९ जानेवारी

सौ. सुलक्षणा हिस सप्रेम.

डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली, लेक पथ्य सांभाळते. काळजी नसावी. तुझा खोकला थांबला का?

फोनवर तू "बठ्ठं ठीक शे" म्हणून विषय मिटवतेस, म्हणून लिहितो. इंडक्शन शेगडीवर पुरणाच्या मांड्यांचे मातीचे खापर तापणार नाही, हा तुझा आक्षेप मला मान्य आहे. परंतु मांडे आपण वर्षातून दोनदा करतो, आणि त्यासाठी अंगणातली चूल आहे. वीज गेली तरीही तीच आहे. भाकरी लेक इथे रोज इंडक्शनवरच, लोखंडी तव्यावर फडक्याने दाबून शेकते. "ती भाकर नई, पापड शे," असे तू म्हणशील. चव उणी आहे, हेही मान्य.

एक गोष्ट मात्र मी लपवली, हा माझा दोष. मी निघालो त्या सकाळी दूध उतू जाऊन बर्नर विझला होता. गॅसचा वास ओसरीपर्यंत आला. तू शेगडीशेजारीच लसूण सोलत होतीस आणि तुला काहीही कळले नव्हते. मी बटण बंद केले, खिडकी उघडली आणि "दूध गेले" एवढेच म्हणालो. त्या तापानंतर तुला वास येत नाही, सुलक्षणा. "नाक थोडं बंद शे" म्हणतेस. ते थोडे नाही.

नवी शेगडी पुतण्या अमृतसोबत पाठवली आहे; हे पत्रही तोच देईल. आधी त्याला सिलिंडरचा रेग्युलेटर काढू दे. मग माझ्यावर हवे तितके रागाव.

तुझा
अभिमन