भिंतीपलीकडचा फ्रीज

१२ एप्रिल ९८, शिरूर
सौ.चं इन्सुलिन आजपासून शेजारी, नानाच्या फ्रीजमध्ये. इतके दिवस माठालगत ओल्या फडक्यात ठेवत होतो. डॉक्टरांनी हात जोडले. सकाळ-संध्याकाळ ती तिकडं जाते, नानाची लेक तारा इंजेक्शन देते. इथं मी देत असे.

१५ एप्रिल
सौ.ला जायचं असतं नुसतं भिंतीपलीकडं. परतते पाऊण तासानं, आणि हसत. विचारलं.
"नाना गोष्ट सांगतात, तारा टोचते. कळतसुद्धा नाही."
म्हणजे माझ्या वेळी कळत असे.
नाना सोसायटीचा माजी चेअरमन. कांदा, टेम्पो, मिशा. षड्रिपूंपैकी पाचांशी माझी केवळ पुस्तकी ओळख. सहावा शेजारी राहतो, आणि त्याच्याकडं फ्रीज आहे.
फ्रीज घेणे.

१८ एप्रिल
पेठेतलं दुकान. काचेत उभा आहे तो 'शोपीस'. दुसरा?
"पाडव्याच्या बुकिंगवाल्यांनाच पुरंना, सर. पावसाळ्यात या."
पंखे बहुधा थंडीत देत असावा. निघताना म्हणे, "पेपरात छापू नका हां." मी तालुक्याच्या बातम्या पाठवतो, हे लोकांना अशाच वेळी आठवतं.
पुण्याहून टंचाईची बातमी मागितली आहे. पाण्याची.

२३ एप्रिल
दौंड. एस.टी.त उभ्यानं. माल आहे, पण फक्त मरून. स्टॅबिलायझर वेगळा, स्टँड वेगळा. दार उघडणार नेमकं आमच्या भिंतीवर. दुसऱ्या बाजूला उघडणारं मिळेल का, विचारलं.
"मास्तर, फ्रीज इकतो आमी, बंगला न्हाई बांधून देत."
घेतला. पोचवायची सोय नाही, हे पावती फाडल्यावर सांगितलं. आता आणायचा कसा, ते...

२९ एप्रिल, अक्षय्य तृतीया
आणला. दौंडला कांदा उतरवून रिकामा परतणारा टेम्पो एकच मिळाला. कुणाचा, ते लिहवत नाही.
नानानं पाठीवर घेऊन थेट स्वैपाकघरात उभा केला. वर मलाच, "गुरुजी, आडवा आणलाय. आज चालू करू नगा, ग्यास बसू द्या. आन् वहिनींची बाटली हाय तितंच ऱ्हाऊ द्या."
सौ.नं फ्रीजला कुंकू लावलं, नानाला सरबत दिलं. बर्फ ताराकडून आणला.

५ मे
फ्रीज उत्तम गार. आत दूध, कोथिंबीर, लिंबं. बाटली नाही.
"लाइट जाते हो आपल्याकडं."
दोन्ही घरांना लाइट एकाच खांबावरून येते.

८ मे
मेडिकलमधून नवी बाटली मीच आणली. दाराच्या कप्प्यात ठेवली, लेबल पुढं करून.

१४ मे
सील तसंच.
सकाळी नाना दारात. "गुरुजी, सोडा की वहिनींना! कालची गोष्ट अर्धी ऱ्हायलीय." ही एक पाय चपलेत घालून तयारच.
ती गेल्यावर मी सुई घेऊन लिंबावर सराव केला. सुई सरळ आत गेली. लिंबू ओरडत नाही, हेही खरं.

१७ मे
सौ. सरबताला लिंबू घ्यायला गेली, तर त्यातून बारीक पिचकारी उडाली. उलटसुलट करून पाहिलं. सगळी भोकंच भोकं.
"हे काय?"
सांगावं लागलं. हसली. ओट्याला टेकून, डोळ्याला पदर लावून. आमच्या घरात.
मग म्हणाली, "उद्या सकाळी तुम्ही द्या. आपल्याकडचीच बाटली फोडू. पण गोष्ट सांगायची. आणि तात्पर्य नको."
तेव्हापासून गोष्ट आठवतोय. जन्मभर वर्गात गोष्टी सांगितल्या. कोल्हा, बगळा, मूर्ख पंडित... एकही तात्पर्यावाचून नाही.
सौ. तिकडं गेलीय, तिथली शेवटची सुई म्हणून. नानाचा आवाज येतोय. नुसती पद्धत कळावी म्हणून भिंतीशी जाऊन उभा राहिलो. बैल होता, पाहुणा होता, विहीर होती. शेवटाला सौ. अशी हसली की शेवट त्यात बुडाला.