उंबऱ्यातला फोटो

आप्पा, देवीची नवी मूर्ती परवा आली. काळा पाषाण आणि घडणावळ मिळून पंचेचाळीस हजार, टेम्पोभाडं अडीच हजार, उतरवून घेणाऱ्यांचा चहा-वडापाव वेगळा. लग्न होऊन शिरूरला आले तरी माहेरच्या देवळाच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडेच असतो, म्हणून आधी तो सांगितला.

जुनी मूर्ती आपल्याच हौसेनं गेली. जीर्णोद्धार काढला आणि कारागिरानं पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर काढायला ग्राइंडर लावला. शेंदराबरोबर नाकडोळेही गेले. खंडित मूर्ती पूजेत चालत नाही, म्हणून मुकाट्यानं भीमेत सोडली. मग मूर्तिकार चेहरा मागू लागला. मोबाइलमधले सगळे फोटो चांदीच्या मुखवट्याचे. आतलं रूप कुणाकडेच नाही. शेवटी देवळाचे पंच असलेले आबा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. "ताई, आप्पांनी नदीकाठचा एक दगड सोडला न्हाई. देवीचा फोटू असंलच की."

मला माहीत होतं, नसणार. दौंडला रेल्वेतून सुट्टी मिळाली की तुम्ही गळ्यात कॅमेरा अडकवायचात आणि सायकलच्या दांडीवर मला बसवायचात. देवळांची शिखरं, घाटावरच्या समाध्या, पलीकडच्या पिराची कबर. कबरीपाशीही चपला काढून आधी फूल ठेवायचात, मग कॅमेरा. पण गाभाऱ्यात कधी नाही. देवीला फोटोसाठी ताटकळत ठेवायचं नसतं, दर्शन घ्यायचं आणि निघायचं, असं म्हणायचात. आई मात्र चिडायची, की लोक लग्नाचे फोटो काढून चार पैसे मिळवतात आणि आमच्याकडे दगडांची वरात निघते.

तरी आबांच्या समाधानासाठी, तुम्ही गेल्यावर माझ्याकडे आलेली फोटोंची पेटी उघडली. शिखरं, घुमट, पायऱ्या. सगळ्यांत माणसाचा फोटो एकच, माझा. मी देवळाच्या उंबऱ्यात उभी आहे, तेल चापून दोन वेण्या, कोवळं ऊन डोळ्यांवर येतंय. तुम्ही कॅमेऱ्यात वाकून बघताय. "जरा डावीकडं सरक," म्हणता. मी सरकते.

आबांनी चष्मा पुसून फोटो जवळ धरला, त्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "ही बघ की, देवीआई." माझ्या उजव्या खांद्यामागं, उन्हात, देवी स्पष्ट दिसत होती. तेव्हा मुखवटा नव्हता. इतकी वर्षं तो फोटो हातात घेऊन मी फक्त मलाच बघत आले होते.

त्यावरूनच मूर्ती घडली. म्हाताऱ्या बायका म्हणतात, डोळे तेच. आता तो फोटो मोठा करून सभामंडपात लावणार आहेत, मला कापून. देवळात माझं काय काम, मीच हो म्हणाले.

पण आप्पा, तेव्हा मला सरकवलंत ते तिच्यासाठी का? तिच्यासाठी असेल तर तुम्ही आपला नेम मोडलात आणि गावाचं भलं झालं, यात वाईट काहीच नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते राहील माझ्याचपाशी. देवीला सांजवात केल्यावर असं लिहू नये, तरी लिहिते: तो फोटो माझा असावा असं मला फार वाटतं. तेवढं उलट टपाली कळवा.