आईच्या बोटापुरता तक्ता

प्रिय महामाया,

सप्रेम जयभीम. पत्र बघून घाबरू नकोस. फोनच केला असता, पण घरी तुझी आई शेजारीच बसलेली असते. तिची वाचा गेली, समज गेलेली नाही. माझं प्रत्येक वाक्य ती ऐकते. शाळेतून बोलावं तर भोवती सगळे असतात, म्हणून मधल्या सुट्टीत शाळेत बसून लिहितो आहे.

नांदेडच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं, तू लातूरला कामावर परत गेलीस, आणि मी लगेच तिच्यासाठी तक्ता करायला घेतला. हवं त्यावर तिनं बोट ठेवायचं. माझी उभी नोकरी शाळेचे तक्ते रंगवण्यात गेली, तेव्हा हाताला जे वळण होतं तसाच तो झाला. चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर लाल अक्षरांत सुविचार, मधे दाटीवाटीनं रंगीत चित्रं, आणि खाली माझं नाव, पदासहित. तपासणीला आलेले साहेब आधी चौकटच बघतात ना. आईचं बोट त्या पानाफुलांत फिरत राहायचं आणि भलत्याच कळीवर थांबायचं. शेवटी तिनं हात पदराखाली घेतला. शेजारच्या सरजाबाई म्हणाल्या, "गुर्जी, तिला पाणी प्यायचं हाय का परीक्षा द्यायची हाय? लग्नपत्रिका करून ठेवलाव की!" लकव्यानंतर आई पहिल्यांदा हसली, अर्ध्या तोंडानं.

मग तुला फोटो पाठवला. तू हसली नाहीस. आधी विचारलंस, "बाबा, तिचा कोणता हात चालतो?" हे मला सुचलंच नव्हतं. तुम्ही तिथं मुलांसाठी पडद्यावरचे धडे तयार करता, तसं सगळं सावकाश सांगितलंस. जिथं फरक जास्त, तिथं नजर आधी जाते, म्हणून चित्र काळं आणि मागचा कागद कोरा. एका कामाची चित्रं जवळजवळ, दुसऱ्या कामाची थोडी लांब. एकदा दिलेली जागा बदलायची नाही, कारण जागा हाताच्या लक्षात राहते. आणि जे मदत करत नाही ते आडवं येतं. हे शेवटचं मला जरा लागलं. वेलबुट्टी चांगली साधली होती.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर नवा तक्ता केला. डाव्या हाताशी पाणी, जेवण, संडास. थोड्या अंतरावर पंखा, सरजाबाई आणि विहार. दुसऱ्याच दिवशी तिनं पाणी मागितलं. मी पेला तिच्या ओठांशी धरला. पौर्णिमेला तिनं विहारावर बोट ठेवलं. इतक्या लांब नेता येईना, म्हणून घरीच मेणबत्ती लावून वंदना म्हटली. तिचे ओठ माझ्यासोबत हलत होते, आवाज नव्हता. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

आता खरं कारण. तक्त्याचा खालचा कोपरा मी कोरा ठेवला आहे. काही दिवसांपासून ती तिथंच बोट ठेवते. मी पाणी दिलं, तिनं पेला सारला. पंखा लावला, तिनं मान हलवली. सरजाबाई म्हणतात, "चुकून राहिली बिचारी." ती चुकत नाही. बोट कोपऱ्यावर ठेवते आणि भिंतीवरच्या तुझ्या पदवीदानाच्या फोटोकडे बघते. तुझं चित्र मी मुद्दामच काढलं नव्हतं. ज्याचं उत्तर आपल्याजवळ नाही तो प्रश्न मुलांपुढे ठेवायचा नाही, हे पथ्य मी वर्गात पाळत आलो. पाणी मी देऊ शकतो. तुला रोज कुठून आणू? पण मी नाही ठेवला, तरी तिनं तो प्रश्न विचारलाच. तेव्हा तुझा एक साधा फोटो पाठव, मागं काही नको, चेहरा समोर. तो मी त्या कोपऱ्यात लावतो. फक्त तिनं त्यावर बोट ठेवलं की मी काय करायचं, तेवढं मला सांग.

तुझाच,
बाबा