रस्त्याच्या अलीकडे

प्रिय छोटे,

तुझा निरोप मिळाला. खोली रिकामी केलीस, खिडकीपाशी पलंग टाकलास, नर्सही ठरवलीस. वा गं वा! लहानपणी एका उशीवरून माझे केस ओढणारी तू, आता मला अख्खी खोली देतेस. हसू आलं, पण हसलं की ओटीपोटात कळ येते, म्हणून आवरलं.

इकडचं काय सांगू? बेकरीतलं काम सुटलं, उभंच राहवत नाही. तुझे भावजी सकाळी माझ्या अंगाखालची चादर बदलतात. वासाने त्यांना मळमळतं, ते मला कळू नये म्हणून बाहेर बघत बसतात बिचारे. लेक आमच्याच गल्लीत, समोरच्या घरात दिली, ती दिवसभर ये-जा करते. माझ्यासारखीच तोंडाळ झालीय कार्टी. तू तुमच्या अभ्यासासाठी सभागृहात चिठ्ठी काढलीस तेव्हा मी जेवढी होते, तेवढी झाली बघ ती आता.

ती चिठ्ठी काही डोक्यातून जात नाही. तिच्यावरून ठरलं, रस्त्यापलीकडच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी होणार, अलीकडच्या आम्हाला नुसती माहिती मिळणार, आणि मग कुठे किती बायका कॅन्सरने मरतात ते तुम्ही डॉक्टर मंडळी बघणार. आपली ताई अलीकडे राहते हे ठाऊक असून तू चिठ्ठी वाचताना हसलीस. मलाही तुझा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! नंतर मी हळूच म्हटलं, माझी एकटीची बघून टाक ना गं. तू समजावलंस, की अशाने तुलना बिघडेल. चित्रांची पुस्तिका हातात दिलीस आणि अंगावरून जायला लागलं तर दवाखाना गाठ म्हणालीस. गाठला, पण तोवर आजार कमरेच्या हाडात उतरला होता. पलीकडच्या शिंपिणीला तपासणीत असाच डाग वेळेवर दिसला, तो तुमच्या तपासणीच्या गाडीतल्या बाईने जागच्या जागी जाळून टाकला, दुसऱ्या दिवशी ती मशीनवर बसली. माझे गाऊन तीच सैल करून देते. तुझा राग येतो मला, छोटे. झोप लागत नाही इतका येतो.

आणि परवा फोनवर तू काय म्हणालीस? फरक अजून दिसत नाही, रस्त्याच्या अलीकडे कॅन्सरने पुरेशा बायका मेल्या नाहीत, म्हणून अभ्यास आणखी लांबवलाय. मेल्या नाहीत? कोपऱ्यावरची दूधवाली गेली, तिच्या नवऱ्याने तुझ्या माणसाला मूत्रपिंडं निकामी झाली म्हणून सांगितलं. शाळेतली शिपाईण गेली, मुलाने अशक्तपणा सांगितला. अगं, परक्यासमोर त्या जागेचं नाव कोण घेणार? त्यातून तू चौकशीला पाठवतेस बाप्येच! एवढी शिकलीस आणि एवढंही सुचलं नाही तुला? आम्ही लाजेने आमचं मरण लपवतो, तुझा फरक दिसत नाही, आणि फरक दिसेपर्यंत गाडी काही रस्ता ओलांडत नाही.

म्हणून मी येत नाही तुझ्याकडे. राहतं घर सोडून गेलेली बाई मोजणीतून वगळतात, हे तूच मला सांगितलं होतंस. तुझ्या खिडकीपाशी मेले तर तुझ्या जिवाला बरं वाटेल, पण इथली एक बाई कमी भरेल. मी इथेच मरणार. तुझे भावजीही मूत्रपिंडंच सांगणार आहेत, तसं बोलूनही दाखवलंय त्यांनी. तेव्हा मी गेल्यावर चौकशीला माणूस पाठवू नकोस, तू स्वतः ये. शेजारणी जमलेल्या असतील, त्यांच्यादेखत मोठ्याने विचार, ताई कशाने गेली म्हणून. लेकीकडून मी उत्तर पाठ करून घेतलंय, ती नाव घेऊन सांगेल. तू तेव्हा रडत बसू नकोस, लिहून घे. तीही अलीकडचीच, पण तिला आत्ताच तपास असं मी म्हणत नाही, कारण तू नाही म्हणशील आणि ते ऐकून मरायचं माझ्यात बळ नाही.

तुझीच, अलीकडची,
ताई