वेस्टर्न लिस्ट

बाबा, तुम्ही माझ्यावर आयुष्यात एकदाच हात उगारलात, तोही एका गोऱ्या माणसावरून. इथं कुवेतमध्ये, हवल्लीच्या आपल्या दोन खोल्यांतलं ते चिंचोळं स्वयंपाकघर. आई पापलेटचे तुकडे तळत होती आणि तुम्ही नुकतेच क्लिनिकमधून आला होतात. डार्करूममध्ये दिवसभर एक्स-रेच्या फिल्म धुवून बोटं नेहमीसारखी पिवळी पडलेली, कपड्यांना त्या रसायनाचा आंबूस वास. तुमच्याकडे एक इंग्रज पोरगा नवा लागला होता. मशीन त्याला तुम्ही शिकवलंत, फिल्म किती वेळ बुडवायची ते शिकवलंत, कुठल्या डॉक्टरला कशी प्लेट लागते तेही तुम्हीच सांगितलंत. दोन महिन्यांत तो तुमचा साहेब झाला, तुमच्या तिप्पट पगारावर. मी अठरा वर्षांची आणि तोंडाळ. म्हणाले, "गोरा आहे म्हणून दिलं, अक्कल आहे म्हणून नाही." तुमचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. मग तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि अगदी हळू म्हणालात, "बाय माझे, त्याच्या पगाराकडे नको बघू. त्याच्या बापाकडे बघ. बाप बस चालवतो गो त्याचा तिकडं. आणि स्वतःचं घर आहे त्याचं. पुढं बाग, मागं बाग. फोटो दाखवलान त्यानं मला."

तो फोटो मी कधी पाहिला नाही, पण तुम्ही तो आम्हाला इतक्यांदा सांगितलात की आजही मला त्यातली पडद्यांची नक्षीसुद्धा दिसते. विटांचं घर, खिडकीला पांढरी चौकट, दारात गुलाब, आणि हातात कात्री घेऊन उभा असलेला बस ड्रायव्हर. तुम्हाला त्याचा हेवा वाटत नव्हता, हे मला तेव्हा कळायचंच नाही. रागच यायचा. तुम्ही खूश होतात. आपल्याकडे रात्रीची एसटी घेऊन येणारा ड्रायव्हर टपावर नाही तर डेपोच्या बाकावर झोपायचा, आणि जगात कुठंतरी एक देश असा आहे की तिथं तोच माणूस संध्याकाळी गुलाब छाटतो, एवढं कळल्यावर तुम्हाला जणू देव भेटला. साध्या माणसाचं जिथं भागतं तिथं आपलं मूल पोचलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट तुम्ही त्यानंतर मागत राहिलात. माझ्या लेकाला पहिल्यांदा मांडीवर घेतलंत तेव्हा खोलीभर बायका नाव काय ठेवायचं यावर भांडत होत्या, आणि तुम्ही म्हणालात, "नाव काय वाटेल ते ठेवा. पासपोर्ट तेवढा बदला ह्याचा." सगळे हसले. तुम्ही हसला नव्हतात.

तो सहा वर्षांचा असताना तुम्ही गेलात. त्याला तुमची आठवण अशी नाहीच. त्याचे आजोबा म्हणजे मी सांगितलेले आजोबा. इथं मुलगा एकवीस वर्षांचा झाला की आईबापाच्या व्हिसावर राहत नाही, त्यामुळे तो जाणारच होता, आणि तुमची इच्छा होती म्हणून कॅनडाला गेला. तुमचीच लाइन घेतली त्यानं, एक्स-रेची, आता अर्थात सगळं कॉम्प्युटरवर, बोटं पिवळी न पडता. तिथं नोकरी लागली, यथावकाश पासपोर्टही मिळाला. त्या दिवशी फोनच्या कॅमेऱ्यासमोर त्यानं ती निळी पुस्तिका धरली आणि मी फोन तसाच नेऊन तुमच्या तसबिरीपुढं धरला. आता हसू येतं. तेव्हा मी ढसाढसा रडले होते.

बाकीचं मात्र त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. तो एका घराच्या तळघरात राहायचा. खिडकी छताला लागून, तीतून रस्त्यावरच्या लोकांचे बूट दिसायचे. घर ज्या बाईंचं त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, गोऱ्यापान, चार पिढ्या तिथल्याच. त्या स्वतः वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या आणि बाकीचं घर खोलीखोलीनं भाड्यानं द्यायच्या, कारण त्याशिवाय त्यांना ते घर ठेवता येत नव्हतं. त्याच्या खात्यातला पन्नाशीचा एक गृहस्थ तिघा अनोळखी माणसांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होता, आपल्याकडे बॅचलर पोरं राहतात तसा. हॉस्पिटलसमोरच्या चर्चमध्ये फुकट धान्याच्या पिशव्या मिळत, आणि त्या रांगेत हॉस्पिटलचेच लोक युनिफॉर्मवर कोट चढवून उभे राहत. मी म्हणायची, "अरे, व्यसनी असतील." तो म्हणायचा, "नो आई. दे आर नॉर्मल पीपल. माझ्यासारखे." त्याच गावात काचेचे उंच टॉवर उठत होते आणि त्यातल्या कित्येक घरांत कधी दिवा लागत नसे. ज्यांची ती घरं होती त्यांना तिथं राहायची गरजच नव्हती.

शेवटी दोन वर्षांपूर्वी तो इकडे आला. कुठं? माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच एक्स-रे खात्यात. तुमच्या त्या इंग्रज पोराच्या वेळी होती तशीच इथं अजूनही एक वेस्टर्न लिस्ट होती. काम तेच, मशीन तेच, पण पासपोर्ट इंग्लंड, अमेरिका, कॅनडाचा असेल तर पगार वेगळा, वर महबूलाला समुद्राजवळ सामानासकट फ्लॅट. तुम्ही म्हणाला होतात तसा पासपोर्ट बदलला, बाबा, आणि त्याचा उपयोग त्या देशात राहायला झाला नाही. तो देश सोडून कुवेतला येण्यासाठी झाला.

आणि मग मी माझं डोकं चालवलं. कुणीतरी, कधीतरी सांगितलेलं मनात बसलं होतं की माणूस मूळचा आपला आहे आणि त्याचे नातेवाईक इथंच आहेत असं कळलं, तर पासपोर्ट कुठलाही असो, कमी पगाराच्या लोकल लिस्टवर टाकतात. माझ्या पासपोर्टवर लग्नानंतरही तुमचंच आडनाव राहून गेलंय, त्याचं त्याच्या बापाचं. म्हटलं, झालं तर, कुणाला कळतंय. मी लेकाला बजावलं की आपली ओळख नाही. दोन वर्षं माझा मुलगा मला डिपार्टमेंटमध्ये 'मॅडम' म्हणत होता. पहिल्या दिवशी मी त्याला आमचं स्कॅनिंगचं मशीन शिकवलं, परक्या माणसाला शिकवतात तसं, इंग्रजीत, हात पाठीमागे बांधून. त्याचा पगार माझ्याहून कितीतरी जास्त होता. आपल्याच पोराला जास्त मिळतं याचं कुणाला वाईट वाटतं का? मला वाटलं. खोटं कशाला सांगू. दुपारी मी आमटीभाताचा डबा खिडकीपाशी बसून खायची आणि तो टेबलाच्या त्या टोकाला फिलिपिनो पोरींबरोबर सँडविच. एकदा त्याला तापानं थंडी भरली होती. कपाळाला हात लावायला उठले आणि अर्ध्यातूनच वळून पाण्याचा ग्लास भरून घेतला. शुक्रवारी मात्र तो रिग्गईला माझ्या घरी जेवायला यायचा. ह्यांनी निवृत्त होऊन चिपळूणचं घर धरल्यापासून मी इथं एकटी. तो आला की दारातच मी त्याला दोन-तीनदा हाक मारून घ्यायची, काही कारण नसताना.

गेल्या महिन्यात एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. म्हातारा इजिप्शियन, माझ्याइतकाच जुना. दाराबाहेर बाकावर एक इंग्रज बाई बसली होती, केस पिकलेले, मांडीवर फाइल. मुलाखतीला आली होती. मला विचारू लागली, महबूलाला फ्लॅटमध्ये खोली वाटून घेऊन राहणं बायकांना ठीक आहे का, खरंच विजेचं बिल येत नाही का. बोलता बोलता म्हणाली, तिची आई शाळेत मुलांचा स्वयंपाक करायची आणि तिचं स्वतःचं घर होतं. ही तीस वर्षं नर्स, आणि हिचं नाही. तक्रारीच्या सुरात नाही म्हणाली. गणित चुकलंय पण कुठं ते सापडत नाही, असा चेहरा. मी तिला बकाल्याचा, किराणा दुकानाचा पत्ता सांगितला, भाजी कुठं स्वस्त मिळते ते सांगितलं. आणखी काय सांगणार?

आत साहेबांनी सरळच सांगितलं. "मॅडम, वेस्टर्न लिस्ट खलास. पुढच्या काँट्रॅक्टपासून सगळ्यांना एकच ग्रेड, तुमचाच. फ्लॅट नाही. मुलाला तुम्हीच समजावून सांगा." मी म्हटलं, "कुणाच्या मुलाला?" तेव्हा तो माणूस इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. म्हणाला, "व्हिसाच्या अर्जात आईचं नाव लिहावं लागतं, मॅडम. आणि पासपोर्टवर जन्मगाव छापलेलं असतं. दोन वर्षं आम्ही सगळे बघतोय, तुमची आणि त्याची एकमेकांशी ओळख नाही ते." मूळ कुठलं, आई कुठं काम करते, याच्याशी त्या लिस्टला कधी काही घेणंच नव्हतं. पासपोर्ट पाहायचे, बस. तीस वर्षं सरकारी अर्ज भरत आलेली मी, आईच्या नावाचा रकाना कशी विसरले कोण जाणे. लिस्ट का बंद केली, असं मी विचारलं. त्यानं खालचा खण उघडून दाखवला. अर्जांनी गच्च भरलेला. "पूर्वी आम्ही माणसं शोधायला लंडनला जायचो, हॉटेलात उतरायचो, त्यांना जेवायला घालायचो. आता ते आपणहून लिहितात. आपणहून येणाऱ्याला जास्त कशाला द्यायचं?"

तेव्हा मला तुमचा तो बस ड्रायव्हर आठवला. त्याच्या घरात आता कोण राहत असेल? त्याच्या नातवाचा अर्ज त्या खणात असेल का? तुम्ही खोटं सांगितलं नव्हतंत, बाबा. ते घर होतं. तुम्ही पाहिलंत तेव्हा ते खरंच तिथं होतं आणि बस चालवणाऱ्याचंच होतं. आम्ही पोचेपर्यंत ते राहिलं नाही, एवढंच. यात तुमची काय चूक? पण खरं सांगते, बाकावरच्या त्या बाईशेजारून परत जाताना मला तुमचाच राग आला होता.

लेकापुढं दोनच वाटा होत्या. इथं माझ्या ग्रेडवर सही करायची आणि रिग्गईला माझ्याकडे राहायचं. साठीनंतर हा देश त्याला ठेवेल न ठेवेल, इथं कुणाचंच काही कायमचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगू. नाहीतर परत जायचं. तिथं लांबच्या एका छोट्या गावात त्याला नोकरी मिळत होती. आणि तिथं एक मुलगी आहे. नर्स आहे, त्याच गावची. ती म्हणत होती, ये, दोघं मिळून भागवू, पहिली काही वर्षं माझ्या आईवडिलांच्या तळघरात राहू, नंतर बघू. गेल्या शुक्रवारी जेवण झाल्यावर तो टेबलाशीच बसून राहिला. रविवारी उत्तर द्यायचं होतं. मग म्हणाला, "आय रिअली डोंट नो, आई. तूच सांग ना." मी म्हटलं, "तुझं आयुष्य आहे, मी काय सांगू." शहाण्या आया बोलतात ते सगळं बोलले. तो खाली बघत होता. मग विचारलंन, "आजोबा काय म्हणाले असते?"

उत्तर मला पाठ होतं. तुम्ही त्याची बॅग स्वतः उचलून त्याला विमानतळावर सोडलं असतंत. तळघर तर तळघर, म्हणाला असतात, दोघं कमावती आहेत, पोरगी म्हणते ना ये, मग जा. खिडकीतून बूट दिसतात ना, मग उजेड येतोच की. तुमचा आवाज मला इतका स्पष्ट ऐकू आला की मी क्षणभर मागं वळून बघितलं.

आणि मी त्याला म्हटलं, "आजोबा म्हणाले असते, आता पुरे झालं बाळा, आईजवळ राहा."

त्यानं विश्वास ठेवला. न ठेवायला त्याच्याजवळ दुसरे आजोबा कुठं आहेत? रविवारी सही केली. संध्याकाळी येऊन आतल्या खोलीत दार लावून तो त्या मुलीशी फोनवर बोलत होता, खूप वेळ. मी बाहेर त्याच्या उशांना नवे अभ्रे घालत होते. बाबा, मी आनंदात होते. दाराआड माझं लेकरू रडतंय हे कळत असताना मी आनंदात होते.

आज तो महबूलाचं उरलेलं सामान आणायला गेलाय. जेवायच्या वेळेला येईल, याच टेबलाशी बसेल, आणि हे कागद त्याच्या ताटाशेजारी पडलेले असले तरी चालेल. त्याला मराठी वाचता येत नाही.